मागे कोण कोण

— नको नको, तिथं नको बसूस मास्तर, तिथं कोको वाळत घातलाय. इकडे ये चुलीपाशी. मी अळूची पानं निवडता निवडता ऐकते, हात रिकामे असले की मला ऐकूच येत नाही. हं, तर रेडिओच्या कमिटीवर उभा राहतोस म्हणे — राहा की! कुणी अडवलंय? आपलाच रेडिओ आहे, सरकारचा नाही, ऐकणाऱ्यांनी केळी-कंद देऊन उभा केलेला. शनिवारी माझी ओळख करून दे म्हणतोस? देते ना. पण मला वाचता येत नाही हं, सगळं तोंडी. इतकी वर्षं गावातल्या मयतांच्या बातम्या रेडिओवर मीच सांगते, पण मेलेल्याच्या मामाचं नाव कधी चुकलं नाही दुफी मावशीकडून. तेव्हा हळूहळू सांग. आईचं घराणं? आसोना — ते ठाऊक आहे. थोरला मामा ओपोंग, तोच ना, कुमासीला गाड्या दुरुस्त करणारा? आणि बायको अबेना पोमा, चर्चमध्ये गाते ती. गोड गळा आहे पोरीचा.

निवडून आलास तर बोलणार कशावर? — नदीवर. वाटलंच मला. अरे, नदीचं काय सांगायचंय लोकांना, डोळे नाहीत का त्यांना? घोटभर पाणी घेतलं की तोंडात चिखल येतो. सोनं खणणारी यंत्रं कुणाची, तेही सगळ्यांना ठाऊक आहे. बोआडी नानांच्या भाच्याची. आणि आपल्यात भाचा म्हणजे पोटच्या पोरापेक्षा जवळचा, वारसच तो. नाना कमिटीचे अध्यक्ष, आणि तू त्यांच्याच माइकवरून त्यांच्या वारसाचे वाभाडे काढणार! हसतोस काय? अजुआ पण अशीच हसायची.

नर्स अजुआ फ्रेमा रे — तू तेव्हा शिकायला बाहेर होतास. तीसुद्धा उभी राहिली होती, तिचंही नदीचंच तुणतुणं. पोरांची पोटं बिघडतात ती या पाण्यानं, म्हणायची. आणि लोक होते तिच्या बाजूनं, खोटं कशाला बोलू. मग निवडणुकीच्या आधल्या शनिवारी मी मयताच्या बातम्या सांगितल्या, आणि त्यात तिचं नाव आलं. आलं म्हणजे — मीच घेतलं. तिची आई, मामा, मागे कोण कोण, सगळं बिनचूक. आणि अजुआ दवाखान्यात बसून ऐकतेय, जिवंत! बाजारातून चालत आली तशी बाया टोपल्या टाकून पळाल्या. ती आपली हसतेय. मी म्हटलं, बये, चूक झाली असेल माझी, पण आता दारात मेंढा काप, अपशकुन धुऊन टाक, मग हस. तर म्हणते कशी, मावशी, मी शिकलेली बाई, मी नाही असलं मानत. मग काय व्हायचं? आपल्याकडे मत द्यायचं म्हणजे शाळेच्या पटांगणात ज्याच्या त्याच्या माणसामागे रांगेत उभं राहायचं. मेलेल्या बाईमागे कोण उभं राहणार? सख्खी बहीणसुद्धा नाही राहिली. पटांगणात एकटी उभी होती ती, पांढऱ्या कपड्यांत.

मला कुणी सांगितलं? नानांनीच की. स्वतः आले होते, तू बसलायस तिथंच बसले. म्हणाले, घरच्यांचा निरोप आलाय, सांगून टाक. मी विचारलं, मातीचा दिवस कुठला? तर म्हणाले, ते राहू दे, अजून ठरलेलं नाही. अजून — असंच म्हणाले. मला काय कळणार त्यात? मी आपली आवाजाची धनी. हे पत्रे? हो, नवेच आहेत. नानांनीच बसवून दिले त्या साली, छप्पर फार गळत होतं.

पुढं? पुढं काय, कोरडे वारे सुटले तेव्हा ती सापडली. खणून सोडलेल्या खड्ड्यात, पाण्यात. पाय घसरला म्हणाले. मग पुन्हा सांगितली मी बातमी. तीच. आई तीच, मामा तोच, एक शब्द बदलावा लागला नाही रे. फक्त मातीचा दिवस घातला. सांगताना पहिल्यांदा माझा आवाज फाटला.

पण तू का उठतोस? बस की. तुझी ओळख घोळवून बघते, थांब. “आसोना घराण्यातले मास्तर क्वाकू बादू, आमा सेवा यांचे चिरंजीव, कुमासीच्या ओपोंग यांचे भाचे, मागे पत्नी अबेना पोमा, दोन मुली —”

अगं बाई. मागे म्हटलं का मी? जिभेची सवय रे, दुसरं काही नाही. असा बघू नकोस माझ्याकडे. तुझ्या आईबरोबर वाढलेय मी, तुझ्यासाठी जीव तुटतो म्हणून तर एवढं बोलले, नाहीतर मला काय पडलंय? नाव काढून घे बाळा. ताप आला म्हण, बदली झाली म्हण. मी नानांना सांगते, मास्तर शहाणा आहे, आपणहून बसला. ते सकाळी येऊन गेले — म्हणजे सहजच, पानं द्यायला. ही काय, त्यांच्याच शेतातली.

नाही? उभा राहणारच?

बरं. मग जा, चूल विझतेय माझी. मुलींची नावं राहिली तेवढी — नको, तू नको सांगूस. तुझ्या आईला विचारीन मी.