चौदा भागिले सोळा

सयाजी सर : ...पत्रिकेत छापूनच टाकलंय. ‘प्रमुख पाहुण्या, नायब तहसीलदार निशिगंधा कांबळे. सरांची लाडकी विद्यार्थिनी.’ रविवारी निरोप समारंभ माझा. म्हटलं, आमंत्रण घरी जाऊनच द्यावं.

निशिगंधा : लाडकी? नववीत शंभर वेळा काय लिवून घेतलं माझ्याकडनं, आठवतंय?

सयाजी सर : दहा वर्षं झाली गं त्याला.

निशिगंधा : ‘ग्रह मोठा, तर ओढ मोठी.’ शंभर वेळा, सर!

तानूबाई : निशे, आईचं ऐक, दमानं. सर, चहा घ्या की.

सयाजी सर : नको, पित्त आहे मला.

निशिगंधा : ग्रहाचं वस्तुमान पृथ्वीच्या चौदा पट, रुंदी चौपट. माणसाचं वजन तिथं वाढंल का घटंल? मी लिवलं, जरा घटंल. केंद्रापासनं चौपट लांब उभं राहिलं की ओढ सोळावा हिस्सा. चौदा भागिले सोळा, एकापेक्षा कमीच की. तुम्ही फुली मारून वर्गाला हसवलासा. “एवढं मोठं धूड, आणि वजन घटतंय व्हय गं?”

सयाजी सर : चुकतं एखाद्या वेळी माणसाचं.

निशिगंधा : त्या दोन मार्कांपायी गारगोटीच्या विज्ञान स्पर्धेला माझ्याऐवजी शाळेच्या चेअरमनचा सम्राट गेला.

सयाजी सर : आणि तिथं हाच प्रश्न आला. तुझंच उत्तर बरोबर निघालं. परीक्षकानं चारचौघांत झाडलं मला.

निशिगंधा : म्हणजे तवाच कळलंतं! आणि तरी दहावीच्या निकालादिवशी आबांना म्हणालासा, ‘पोरीला शास्त्र झेपायचं न्हाय, आर्ट्‌सला घाला.’ मला ताऱ्यांचा अभ्यास करायचा हुता, सर.

सयाजी सर : शास्त्राला गेली असतीस तर ही खुर्ची मिळाली असती काय? भलंच झालं की.

निशिगंधा : एकदा घरी येऊन सांगायचं हुतं, ‘पोरी, माझं चुकलं.’

सयाजी सर : तुमच्या गल्लीत येणं-जाणं नव्हतं गं आमचं. लोकं काय म्हणाली असती?

निशिगंधा : आज आलासा की.

सयाजी सर : ...येतीस न्हवं रविवारी?

निशिगंधा : येते. स्टेजवर फळा ठेवा. ते गणित तुम्ही सोडवायचं, सगळ्यांम्होरं. मग मी बोलते.

सयाजी सर : सत्काराच्या दिवशी? चेअरमन बसलेले असणार पुढं... बघतो. निघतो मी.

तानूबाई : पित्त कवा धरलं, सर? शाळा झाडाय येत हुतो मी, तवा दिवसाला पाच कप पीत हुतासा.