बत्तीस नंबरची हजेरी

नाही, तुम्हीच सांगा मला... चाळीस वर्षांनी माणूस आपल्या शाळेतल्या सरांना भेटायला जातो, नवा शर्ट घालून जातो, ज्याची कॉलर मानेला करवतीसारखी लागते असा शर्ट, दोन बस बदलून जातो, बायकोला बरोबर नेतो, आणि सर चष्मा पुसतात, घालतात, परत काढतात आणि विचारतात, ''आपण?'' आपण! अहो, ज्या माणसानं वर्षभर माझा कान पिळला, त्याला तो कान तरी ओळखू यावा की नाही?

आता जे सांगतो ते अक्षर न् अक्षर खरं आहे. शपथ घेऊन सांगतो. म्हणजे... आमची ही म्हणते, ''मागच्या वेळी सांगितलंत तेव्हा त्याला ऐंशी मार्क होते, आता ब्याण्णव कसे झाले?'' बरं, मार्कांचं सोडा. मार्क सोडून सगळं खरं. आणि वर्ग सातवीचा की आठवीचा, तेही सोडा. पण बाकी सगळं... अहो, मी हजर होतो ना तिथे!

तर आमचे वर्गशिक्षक, कासव सर. हे नाव आम्ही ठेवलं नव्हतं, आमच्या आधीच्या पोरांनी ठेवलं होतं, आम्हाला ते खुर्ची-टेबलाबरोबर मिळालं. गणित शिकवायचे. वर्गात आले की टेबलावर हजेरीपट उघडायचे आणि मान त्यात अशी आत घालायचे की शेवटचा नंबर संपेपर्यंत बाहेर काढायचे नाहीत. नावं नाहीत हं, नंबर! ''एक.'' ''हजर.'' ''दोन.'' ''हजर.'' कोण बोललं, कुठून बोललं, माणूस बोलला की खिडकीतला कावळा, बघायचं नाही. कान टवकारलेले आणि पेन चाललेलं. त्यांचा पट म्हणजे काय वर्णन करू! एक खाडाखोड नाही. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, इतर शिक्षकांना तो पट दाखवायच्या, ''बघा, याला म्हणतात काम!''

मी एकतीस. शेजारी बत्तीस. एकाच बाकावर. माझ्या नावानं मला त्या वर्गात कोणी हाक मारली असेल तर ती फक्त शिपायानं, आणि तीही दुसऱ्याच्याच नावानं.

तसे बाकीचे शिक्षक बरे होते, खोटं कशाला बोलू. भूगोलाच्या बाई तर इतक्या गोड, की वाळवंट शिकवताना स्वतःच तहानेनं व्याकूळ व्हायच्या आणि तास संपेस्तोवर अख्खी बाटली संपवायच्या. बर्फाळ प्रदेशाच्या धड्याला स्वेटर घालून आल्या होत्या. हसू नका, मी हजर होतो! चित्रकलेचे मास्तर आले की म्हणायचे, ''डाव्या हाताचं चित्र काढा,'' आणि झोपायचे. वर्षभर डावा हात. आजही मला कोणी कागद-पेन्सिल दिली तर मी माणसाचा डावा हात असा काढीन की तुम्ही त्याच्याशी हस्तांदोलन कराल. बाकीचा माणूस मात्र येत नाही. आणि कवायतीचे सर... ते शिट्टीतूनच बोलायचे. त्यांच्या बायकोला म्हणे एका शिट्टीचा अर्थ 'चहा' आणि दोन शिट्ट्यांचा अर्थ 'साखर कमी' असा पाठ होता. हे मात्र मी ऐकलेलं, तिथे मी हजर नव्हतो.

कुठे होतो मी? हं, बत्तीस.

तर शाळा सुरू होऊन दोन महिने झाले नाहीत, तोच बत्तीसच्या वडिलांची बदली झाली. शुक्रवारी पोरगा बाकावर, सोमवारी बाक रिकामा. त्यानं जाताना मला सांगितलं, ''शाळा सोडल्याची चिठ्ठी ऑफिसात दिलीये, पण ती सरांकडे पोचेपर्यंत माझी हजेरी लाव रे.'' ती चिठ्ठी ऑफिसातल्या क्लार्कबाईंनी टेबलाच्या काचेखाली सरकवली, वर कॅलेंडर आलं, कॅलेंडरवर चहाची बशी आली... संपलं! ती चिठ्ठी पुन्हा उजेडात आली नाही. आणि इकडे सोमवारी कासव सरांची मान पटात. ''एकतीस.'' मी म्हटलं, ''हजर.'' ''बत्तीस.'' आणि तुम्हाला सांगतो, माझ्या गळ्यातून असा बारीक, असा नाजूक, साखरेत घोळलेला आवाज निघाला, ''हजऽर, सर!'' पेन चाललं. झालं. अडकलो!

कारण एकदा लावली की रोज लावायला आली. सांगायचं कधी? मंगळवारी? मग सोमवारी कोण बोललं होतं? महिन्यानं? मग महिनाभर कोण बोललं? वर त्या बिनखाडाखोडीच्या पटावर सरांना माझ्यामुळे रेघ मारावी लागली असती. एकदा मला वर्गाबाहेर उभं केलं आणि तेवढ्यात तपासणीसाठी पुन्हा हजेरी घेतली, तर मी दाराबाहेरून, भिंतीला तोंड लावून, ''हजऽर, सर!'' सर पटातूनच म्हणाले, ''बत्तीस, सर्दी झालीये का? आवाज लांबून येतोय.''

मग आली परीक्षा. परीक्षेला वर्गावर तेच. नंबर पुकारायचे आणि हात लांब करून पेपर द्यायचे. मान कुठे? खाली! मी एकतीसचा पेपर घेतला, बत्तीसचा घेतला. दीड तास त्याचा लिहिला, दीड तास माझा. हो हो, दोन्ही मीच! आमची ही इथे नेहमी विचारते, ''आणि कुणाला दिसलं नाही?'' अगं, मी हजर होतो की तू?

निकाल लागला. एकतीस... चौतीस मार्क. पास व्हायला हवे पस्तीस. आणि बत्तीस... ब्याण्णव!

आता म्हणाल, डोकं एक, हात एक, मग असं कसं? तेच तर सांगतो. त्याचा पेपर लिहिताना मला भीतीच वाटत नव्हती हो! चुकलं तर मार त्याला. नापास झाला तर बोलणी त्याच्या बापाला. हात असा मोकळा धावला की समीकरणं स्वतःहून सुटायला लागली. आणि माझा पेपर पुढे ओढला, वर एकतीस लिहिलं, की संपलं. सात साते किती, इथपासून शंका.

त्या दिवसापासून सरांचं एकच पालुपद. ''एकतीस, अरे शेजारी बत्तीस बसतो, त्याच्याकडे बघून तरी शीक!'' मी बघायचो. रिकाम्या बाकाकडे. काय शिकणार? ''एकतीस, बत्तीसचं अक्षर बघ!'' माझंच अक्षर मला दाखवायचे आणि वर डोक्यात टपली! बक्षीस समारंभात बत्तीसचं नाव पुकारलं, तेव्हा मी उठून सांगितलं, ''सर, त्याला गोवर आलाय.'' तर सर म्हणाले, ''मग हे पेन त्याला नेऊन दे. आणि मधेच स्वतः वापरू नकोस, तुझा भरवसा नाही.'' माझं पेन मीच मला नेऊन दिलं! वापरलं मात्र नाही. सरांनी नाही म्हटलं होतं ना.

तर अशा या कासव सरांकडे मी काल गेलो. कशाला? तर माझी एकच इच्छा हो. सरांनी एकदा मान वर करावी आणि म्हणावं, ''अरे, तू!'' बस्. जास्त काही नको. पंचाहत्तरी कधीच ओलांडलीय त्यांनी, सून म्हणते, आताशा बरंच विसरतात. म्हटलं, मला विसरायच्या आत जाऊन येऊ.

''आपण?'' सर म्हणाले.

म्हटलं, ''सर, मी तुमचा विद्यार्थी. एकतीस नंबर.''

''एकतीस...'' सरांनी डोळे मिटले. बोटांवर मोजायला लागले, एकोणतीस, तीस... सूनबाई चहाचा ट्रे घेऊन तशीच उभी. आणि एकदम सरांचा चेहरा असा उजळला! मान वर आली! डोळ्यांत पाणी! म्हणाले, ''म्हणजे बत्तीसच्या शेजारचा! काय मुलगा होता तो! काय अक्षर! सूनबाई, तुला सांगतो ना मी नेहमी, तो बत्तीस? कुठे असतो रे तो? बरा आहे ना? मुलंबाळं? त्याला पाठव एकदा माझ्याकडे.''

''आणि एकतीस, सर?'' मी विचारलं.

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग सुनेला म्हणाले, ''यांना बिस्किटं दे.''

आता गंमत ऐका. आमची ही, जिनं बावीस वर्षं या गोष्टीला 'थाप' म्हटलं, ती ताडकन उभी राहिली. सरांच्या तोंडून बत्तीस ऐकला ना! म्हणाली, ''सर, अहो तो बत्तीस म्हणजे...'' मी टेबलाखालून तिचा पाय असा दाबला की तिच्या हातातला चहा बशीत आला. सरांचा निरोप घेतला, बाहेर पडलो. बसस्टॉपपर्यंत तिनं माझा हात सोडला नाही. लग्नानंतर पहिल्यांदा! म्हणाली, ''अहो, ब्याण्णव मार्क तुमचे होते, आणि तुम्ही गप्प बसलात? का हो?'' म्हटलं, ''जाऊ दे गं. म्हातारपणी त्यांच्या पटात खाडाखोड कशाला?'' तिनं पदर डोळ्यांना लावला. काल जेवताना पहिली पोळी मला वाढली. आज सकाळी शेजारणीला सांगत होती, ''आमच्या ह्यांचं डोकं लहानपणापासूनच...'' पुढचं मी ऐकलं नाही, लाज वाटली.

ती आत कपडे वाळत घालतेय ना? बरं. मग जरा जवळ या, हळू बोलतो.

मघाशी म्हटलं ना, मार्क सोडून सगळं खरं? ते उलट आहे. मार्क तेवढे खरे. बत्तीसच्या वडिलांची बदलीबिदली काही झाली नव्हती. तो पोरगा वर्षभर माझ्या शेजारीच बसला होता, पेन्सिलींना टोकं काढून, डाव्या हाताचा आडोसा करून, मला दिसू नये म्हणून. ब्याण्णव त्याचेच. पेन त्याचंच. गोवर आला होता हे खरं, पेन पोचवायला मीच गेलो होतो. तेवढ्या रस्त्यात ते माझ्या खिशात होतं... तिथून सुरू झालं हे सगळं. आणि चौतीस माझे. ते कोण कशाला रचेल?

म्हटलं, निदान सरांचा निरोप तरी पोचवावा. नंबर मिळवला, आज सकाळी बत्तीसला फोन लावला. सांगितलं, ''सरांनी फार आठवण काढली तुझी. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या.'' तो गहिवरला हो. म्हणाला, ''खरंच? सर बोलले असं?'' आणि मग अगदी अदबीनं विचारलं, ''पण... आपण कोण?''

आता काय सांगणार त्याला? म्हटलं, ''कोणी नाही... मी हजर होतो तिथे.''