एका वेळी एकाच झाडाची

पार्सलच्या रांगेत माझ्यापुढे एक आजी पत्र्याचा डबा पोटाशी धरून उभ्या होत्या. त्यांच्या पुढच्या बाईंनी वळून विचारलं,

“खाऊ वाटतं?”

“माती. लेकीला पाठवतेय.”

“माती? अगबाई, ती कशाला?”

“तिच्यात माइट असतात. कोळ्याच्या जातीचे किडे, पण टाचणीच्या टोकाएवढे. कुजकी पानं खाऊन जगतात. लेक त्यांच्या जाती ओळखते, कुठली कुठे राहते ते नकाशावर मांडते.”

“तुमच्या अंगणातसुद्धा?”

“अहो, आमच्याकडे म्हणे वेगळीच जात निघाली. आता तिला प्रत्येक झाडाखालची माती हवीय. जन्मभर चालले तरी शेजारच्या झाडापर्यंत पोचत नाहीत बिचारे.”

“लेक मात्र पोचली की लांब!”

“पोचली. यायचं म्हटलं की रजा आडवी येते.”

“मग सगळ्या झाडांची एकदमच पाठवून टाकायची ना!”

“तीही तेच म्हणते. पण एकाची पाठवली की तिचा फोन येतो. काय काय सापडलं ते सांगत बसते. शेवटी विचारते, आई, पुढच्या झाडाची कधी पाठवतेस?”

“लबाड आहात हो! किती झाडं राहिलीत अजून?”

“हे शेवटचं.”

“अरे देवा. मग आता?”

“परवा दोन रोपं आणून लावली. तिला सांगितलं, तर म्हणाली, आई, नव्या झाडाखाली त्यांची वस्ती व्हायला वर्षं लागतात गं.”

“मग?”

“म्हटलं, लागू देत. मी पाणी घालतेय.”