फ्रेममधल्या पत्रावळ्या

भिवंडी स्टँडवर पडघ्याच्या एसटीची वाट बघत दोघी माझ्या शेजारी बसल्या होत्या. तरुणीच्या गळ्यात कला महोत्सवाचं कार्ड होतं, मोठ्या बाईच्या मांडीवर पळसाच्या पानांची जुडी.

"सुवर्णामावशी, यंदा महोत्सवात प्लास्टिक पूर्ण बंद. बॅनरसुद्धा लूमवरच्या उरलेल्या कापडाचे."

"चांगलं हाय, उन्नती. पन बंद तर गेल्या वर्षी बी व्हतं ना?"

"होतं. म्हणून तर तुम्हाला स्टेजवर बसवलं, पत्रावळी कशी लावतात ते दाखवायला."

"तीन लावल्या मी. तुम्ही टाळ्या वाजवल्या."

"लोकांना फार आवडलं, मावशी."

"मंग जेवायला बसलो, तर पत्रावळ्या ट्रकातून आलेल्या."

"पण पानांच्याच होत्या."

"पानांच्याच. पन एकेक प्लास्टिकात गुंडाळलेली. आमच्या बायांनी ते प्लास्टिक फाडून फाडून दोन गोणी भरल्या."

"ऑर्डर देताना कुणी विचारलंच नाही."

"आनि माझ्या तीन कुठं गेल्या?"

"त्या ऑफिसात आहेत. काचेच्या फ्रेममध्ये."

"अगं, त्याच्यात जेवायचं असतं."

"चुकलंच आमचं. यंदाची सगळी ऑर्डर तुमच्या पाड्याला. फक्त तुम्ही बायका त्यात गुंतलात, तर स्टेजवर कोण बसणार?"

"तू बस."

"मला कुठे लावता येते?"

"एसटीला टाइम हाय. ही काडी धर, हे पान घे. एक नीट लाव, मंग मी टाळ्या वाजवते."