भिंतीपलीकडचं लाटणं

सन्माननीय अध्यक्ष उत्तमरावजी, व्यासपीठावरचे पाहुणे, आजच्या सत्कारमूर्ती मधुमतीबाई आणि मंडळातल्या माझ्या बंधुभगिनींनो,

अध्यक्षांना ‘जी’ लावलं बघा! जयपुरात आठ वर्षं काढल्यावर ते आपसूक येतं, काय करणार? बाईंच्या यजमानांची बढतीवर नागपूरला बदली झाली, त्याबद्दल अभिनंदन. मला मात्र मुळीच आनंद झालेला नाही, हे आधीच सांगून टाकते.

सत्तावन्न सालच्या गणेशोत्सवातलं महिलांचं समूहगान आठवतंय? वसंतरावांची पेटी काळी पाचवर आणि आम्ही सगळ्या तिच्यामागे. माझा आवाज पडला जाड, तो तिथवर पोचेना. तालमीत कुणीतरी म्हणालं, “प्रतिमा, तू नुसते ओठ हलव गं.” मी हलवले. टाळ्याही घेतल्या! दुसऱ्या दिवशी शेजारच्या क्वार्टरमधून मधुमतीबाई आल्या. मला वाटलं, साखर हवी असेल. तर म्हणाल्या, “काल तुमचा गळा कुठे होता?” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांनी माझी पट्टी काळी तीनवर आणली. रोज सकाळी छातीवर हात ठेवून, ओठ मिटून गुणगुणायचं. हाताला थरथर लागली तरच खरं. मग आकारात षड्ज, तिथून एकेक सूर खाली, थेट मंद्र पंचमापर्यंत. वर चढायचं नाव नाही. चांगले सहा महिने! मी कुरकुरले की म्हणायच्या, “आधी तळमजला बांधा, माडीचं मग बघू.”

आमच्या दोघींच्या स्वयंपाकघरांत भिंत एकच. त्या पलीकडे पोळ्या लाटायच्या, मी इकडे सूर लावायचे. सूर उतरला की भिंतीवर लाटण्याचा एक ठोका. नीट लागला की दोन. आमचा दिलीप डबा घेताना विचारायचा, “आई, आज दो बार ठोकलं, मतलब तू पास?”

बाई स्वतः मात्र कधी गायल्या नाहीत. एकदा धीर करून विचारलं. कणीक मळता मळता म्हणाल्या, “माझाही आवाज तुझ्यासारखाच होता गं. लग्नाआधी चार वर्षं वरच्या पट्टीत ओढून ओढून गायला लावलं. गळा बसला तो बसलाच. तू ओठ हलवताना दिसलीस आणि मला राहवेना.”

बाई, तुमचा तो आवाज मला कधी ऐकायला मिळाला नाही. फार वाटतं हो, एकदा तरी ऐकायचा होता.

गेल्या वर्षी मी इथेच एकटी गायले, काळी तीनवर. तुम्ही सर्वांनी वन्समोअर दिलात. त्या टाळ्यांत मी दोन ठोके शोधत होते.

सोमवारी बाईंचं सामान मालगाडीने गेलं. लाटणंही त्यातच. बाई निघेपर्यंत नातेवाइकांकडे राहायला गेल्या. तेव्हापासून मी सकाळी सूर लावते आणि भिंतीकडे बघत उभी राहते. बरोबर की चूक, कोण सांगणार? मला भीती वाटते, मी पुन्हा नुसते ओठ हलवायला लागेन.

असो. मंडळाने मला बोलू दिलं, आपण शांतपणे ऐकलंत, मनापासून आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सर्वांनी पोटात घालावं. वसंतराव, पेटी राहू द्या. आता मी फक्त एक षड्ज लावणार आहे.

बाई, तुम्ही मात्र पोटात घालू नका. तुमच्यासमोर टेबल आहे.