ठरवणाऱ्याची टिकली

नाही नाही, तुम्हीच सांगा! ज्या माणसाला हॉटेलात वेटरनं "काय आणू?" विचारलं की तो शेजारच्या टेबलाकडे बोट दाखवून "त्यांचंच" म्हणतो, अशा माणसाला कुणी 'ठरवणारा' नेमतं का हो? नेमलं! मला नेमलं! अहो, घरातले पडदे बायकोनं ठरवले, मुलीची शाळा बायकोनं ठरवली, हा चष्मा... हाही तिनंच, मी नुसता नाक घेऊन गेलो होतो! आता स्वयंपाकघरातला नळ गळतोय, त्याला कुणाला बोलवायचं एवढं एक काम तिनं माझ्यावर सोपवलं, तर दोन महिने झाले, खाली बादली आहे. रोज टप... टप... आणि बाहेरून हिचा आवाज, "अहो, ठरलं का?" हे घरी. आणि ऑफिसात? ठरवणारा मी!

झालं काय, तुम्हाला सांगतो. आमची कंपनी ॲप बनवते. कसलं? नळ गळतोय, दिवा लागत नाही, दार अडकतंय, फोनवर दाबा, दुरुस्तीवाला दारात! हसा, हसा... स्वतःचा नळ गळतोय आणि हा ॲप बनवतोय! अहो, मी लावून पाहिलं ना आमचं ॲप! नळ कोणत्या कंपनीचा? कोणत्या साली बसवला? पाणी सलग गळतं की थेंबथेंब? नळाचा फोटो काढा, आता डावीकडून काढा... अरे, नळ आहे की नवरदेव? बंद केलं. सगळेच बंद करतात, हेच तर आमचं दुखणं! लोक येतात, प्रश्न बघतात आणि पळतात.

साहेबांनी बोलावलं. आमच्या साहेबांचा आवाज असा, संथ... अगदी थंड... "शुक्रवारी मला उत्तर हवंय. नाहीतर टीम मोडतो. सगळ्यांना वेगवेगळ्या कामांवर पाठवतो." अहो, आमची डिझायनर आणि आमचा इंजिनिअर, दोघं सकाळी भांडतात आणि दुपारी एकमेकांच्या डब्यात हात घालतात. मध्ये बसून मी दोन्हीकडचं खातो. ही माणसं पांगली तर मी जेवायचं कुणाबरोबर? साहेबांबरोबर?

मग साहेबांनी बाहेरून एक बाई आणल्या. डिझाइन स्प्रिंट घेणाऱ्या. म्हणजे काय, तर आठवडाभर सगळ्यांना एका खोलीत कोंडायचं. सोमवारी दुखणं शोधायचं, मंगळवारी ज्यानं त्यानं आपलं औषध कागदावर काढायचं, बुधवारी त्यातलं एक निवडायचं, गुरुवारी त्याचं खोटंखोटं ॲप करायचं, वरून नुसता मुखवटा, आत काऽही नाही! आणि शुक्रवारी बाहेरची खरी माणसं बोलावून ते त्यांच्या हातात द्यायचं. बाईंच्या गळ्यात एक घड्याळ, वेळ संपली की ते किंचाळायचं. आम्ही त्यांचं नाव ठेवलं टायमरबाई. पहिल्याच दिवशी टायमरबाई म्हणाल्या, (गोड आवाजात हां, साखर पेरून) "प्रत्येक स्प्रिंटला एक ठरवणारा लागतो. त्यानं ठरवलं की संपलं. चर्चा नाही!" सगळे साहेबांकडे बघतात, आणि साहेबांचं बोट माझ्याकडे! मी मागे वळून पाहिलं हो, मागे कुणी उभं आहे का म्हणून. भिंत होती!

सोमवार भांडणात गेला, तो सोडा. मंगळवारी चिडीचूप. बोलायचं नाही, फोन नाही, नुसतं काढायचं. हिशेबातले काकासुद्धा बसवले होते, प्रत्येक खात्याचा एक माणूस हवा म्हणून! काका आयुष्यात कधी चित्र काढलेले नाहीत, घाम पुसतायत, माझ्याकडे बघून हातानंच विचारतायत, काय करू? मला विचारतायत! मलाच माहीत असतं तर...

आणि मग आला बुधवार. सगळे कागद भिंतीवर, कुणाचा कुठला ते लिहायचं नाही. इतरांना बारक्या बारक्या टिकल्या दिल्या चिकटवायला, आणि मला एकच, ही एवढी, लालभडक! ती जिथे लागेल ते ठरलं. सगळ्यांनी आपापल्या टिकल्या लावल्या. कागदावर नावं नसली म्हणून काय झालं? सहा-सहा वर्षं एकत्र जेवतोय, हात ओळखू येत नाही का? उजवीकडे डिझायनरचा कागद, काय ते रंग, काय ती झाडंझुडपं! डावीकडे इंजिनिअरचा, चौकोन, बाण, बाणावर बाण. दोघांना सारख्या टिकल्या! आणि दोघं माझ्याकडे अशी बघतायत, अशी बघतायत... इकडे लावली तर उद्या त्या डब्याला मुकलो, तिकडे लावली तर ह्या डब्याला! टायमरबाई म्हणतात, "वेळ चालू आहे हं, सर." टिकली अंगठ्याला चिकटलेली. मी पुढे गेलो, मागे आलो, पाठ करून उभा राहिलो, म्हटलं जरा भिंतीला टेकून विचार करू, हात टेकला... आणि किर्र्र्र! घड्याळ किंचाळलं, मी दचकलो, हात काढला... टिकली भिंतीवर!

भिंतीवर म्हणजे एका कागदावर. कोपऱ्यातल्या. त्यावर काय? एक वाकडातिकडा चौकोन आणि त्यात तीन शब्द: 'एक माणूस पाठवा'. बस! ना प्रश्न, ना फोटो. काकांचा हो! म्हटलं, "अहो, ते चुकून..." "चर्चा नाही!" "अहो, पण माझा हात..." "ठरवणाऱ्यानं ठरवलं!" नखानं काढायला गेलो तर निघेना, इतका चांगला गोंद ह्यांना कुठून मिळतो? डिझायनरनं तोंड फिरवलं, इंजिनिअरनं डब्याचं झाकण लावलं. काका तेवढे रडायचेच बाकी होते. माझा हात धरून म्हणाले, "तुम्हाला पारख आहे!" आता सांगा, कुठल्या तोंडानं खरं सांगू? ठरवणारा मी!

गुरुवारी मुखवटा तयार. घराचा पत्ता लिहा, बटण दाबा, 'माणूस निघाला' अशी अक्षरं येणार. निघत कुणीच नाही, खोटं आहे ना सगळं! शुक्रवारी पहिला पाहुणा आला, दाबलं, हसला, "एवढंच? वा!" दुसरी आली, तीही खूश. आम्ही शेजारच्या खोलीत पडद्यावर बघतोय, साहेब मध्ये बसलेले, चेहऱ्यावरची माशी हलत नाही. मग शेवटच्या आजी आल्या. त्यांनी चष्मा लावून पत्ता लिहिला, बटण दाबलं, वाचलं... आणि ताडकन उठल्या! "अगं बाई! माणूस निघाला आणि माझ्या घराला कुलूप! नळ किती दिवस गळतोय... येते हं!" आणि टायमरबाईंचा नियम, वापरणाऱ्याला काहीही समजावायचं नाही! त्या अडवणार कशा? आजी गेल्यासुद्धा!

साहेब म्हणाले, संथ, थंड, "त्या घरी जाऊन वाट बघत बसणार. कुणी आलं नाही, तर ह्या बटणाला काय अर्थ?" आणि सगळे वळून बघतायत कुणाकडे? बरोब्बर! डिझायनरचे डोळे भरलेले, इंजिनिअर नखं खातोय, टीम चालली... आणि तुम्हाला सांगतो, काय झालं मला कुणास ठाऊक, आयुष्यात पहिल्यांदा, कुणाला न विचारता, मी ठरवलं. म्हटलं, "मी जातो!"

इमारतीच्या दुरुस्तीवाल्याकडून पाना आणि वायसर मागून घेतला, नळ कसा खोलायचा ते जिन्यातच विचारून घेतलं, आजींनी लिहिलेला पत्ता होताच, गेलो. आधी पाणी बंद करायचं असतं, हे मला नळ खोलल्यावर समजलं. नखशिखांत भिजलो! पण थांबला हो नळ! आजी म्हणाल्या, "किती पटकन आलात! गुणी आहे बाई तुमचं ॲप." साहेबांचा फोन आला तेव्हा आजींनी त्यांनाही तेच सांगितलं. टीम वाचली! परत आलो तर दोन्ही डबे माझ्यासमोर उघडे. खोटं कशाला बोलू, दोन्हीकडचं खाल्लं!

घरी गेलो, छाती पुढे काढून सगळं सांगितलं बायकोला. हिनं हात पुढे केला. म्हणाली, "दाखवा तो फोन." मुखवटा माझ्याच फोनवर होता, दिला. तिनं शांतपणे आमच्याच घराचा पत्ता लिहिला, बटण दाबलं. 'माणूस निघाला.' फोन टेबलावर ठेवला आणि बघत बसली माझ्याकडे. आत टप... टप... म्हटलं, "अगं, ते खोटं आहे, आत कुणी नाहीये!"

म्हणाली, "आत नसू दे. बाहेर बसलाय ना एक."

काय करता? पाना खिशातच होता, उठलो. ठरवणारा मी म्हणे! कसला ठरवणारा... निघणारा मी हो, निघणारा मी!