किमोनोत पळता येत नाही

हिसानो : चपला बाहेरच काढ, चटई भिजेल… अगं, हे काय? सकाळी तुला बाहुलीसारखी सजवून पाठवली आणि दुपारपर्यंत ही दशा? पडलीस होय देवळाच्या पायऱ्यांवर? बजावलं होतं ना, पावसात किमोनो घालून फिरायचं तर खालची कड चिमटीत धरायची आणि पावलं चिमणीसारखी टाकायची.

कोझुए : दार लावा, हिसानोसान. कडी घाला.

हिसानो : भर दुपारी? गिऱ्हाईक यायची वेळ आहे माझी.

कोझुए : हात जोडते. कडी घाला.

हिसानो : घातली. आता बोल. गळपट्टीवर हे रक्त कसलं? कुठं लागलंय, दाखव.

कोझुए : माझं नाही. नवऱ्याचं आहे. अंगठा चावला मी त्याचा. हाडाला दात लागेपर्यंत सोडला नाही.

हिसानो : मान वर कर जरा… अरे देवा. बोटं उमटलीत. एकेक मोजता येईल.

कोझुए : तुमचा किमोनो खराब झाला. माफ करा.

हिसानो : किमोनो गेला खड्ड्यात. सकाळी तर म्हणालीस, एकटीच आलेय.

कोझुए : एकटीच आले होते. तीन आठवड्यांपूर्वी नागोयाचं घर सोडलं. ओत्सूला बायकांच्या आश्रयगृहात राहते. तिथल्या म्हणाल्या, किती दिवस भिंतींकडे बघत बसशील, एक दिवस तरी फिरून ये. मला लहानपणापासून हौस होती, क्योतोत किमोनो घालून हिंडायची. तो म्हणायचा, नटून कुणाला दाखवायचंय? सकाळ फार छान गेली हो. पॅगोड्याचा कळस ढगात बुडाला होता. आलं घातलेली गरम अमाझाके प्याले. छत्रीवर पाऊस वाजत होता, मी गुणगुणत होते चक्क.

हिसानो : आणि त्याला सुगावा कसा लागला?

कोझुए : माझाच मूर्खपणा. आईला फोटो पाठवला. तिने तो त्याला पाठवला. जावई फोनवर रडला की तिला वाटतं, सुधारला. नागोयाहून बुलेट ट्रेनला पाऊण तास.

हिसानो : फोटोवरून एवढ्या गर्दीत सापडलीस?

कोझुए : छत्रीवर तुमच्या दुकानाचं नाव आहे. याच चढावर वाट बघत उभा होता. पायऱ्यांवर मागून केस धरले. मग गळा.

हिसानो : आणि लोक?

कोझुए : कडेकडेने गेले. एकाने फोटो काढला. त्याला वाटलं, शूटिंग चाललंय.

हिसानो : म्हणजे दुकान ठाऊक आहे त्याला. तू पडद्यामागं जा. हॅलो, पोलीस? पॅगोड्याखालच्या चढावर, किमोनो भाड्यानं देणारं दुकान. एका बाईचा गळा दाबलाय नवऱ्यानं. हो, तो मोकाट आहे. रुग्णवाहिकाही पाठवा. लवकर या.

तात्सुरो : माफ करा. कुणी आहे का आत? मी तात्सुरो. बायकोला न्यायला आलोय. तिचं डोकं जरा ठिकाणावर नसतं.

हिसानो : पावसामुळं बंद आहे आज दुकान. आत कुणी नाही.

तात्सुरो : दाराशी ओल्या चपला आहेत, आजी. डावीचा पट्टा तुटलाय. मीच तोडलाय तो.

हिसानो : माझ्या आहेत.

तात्सुरो : मी नीट बोलतोय तोवर दार उघडा.

हिसानो : पोलीस निघालेत.

तात्सुरो : मग मला घाई करायला हवी.

(दाराची काच फुटते.)

हिसानो : मागं हो! कापड कापायची कात्री आहे माझ्या हातात. पोटात घालीन!

तात्सुरो : घाल की. दे इकडे. दे म्हणतो ना, थेरडे!

हिसानो : आई गं! मनगट… मनगट पिरगाळलं मेल्यानं!

कोझुए : सोड त्यांना! सोड! मी येते. येते तुझ्याबरोबर.

तात्सुरो : अस्सं. चल मग. भराभर चाल. चालता येत नाही? या कपड्यात पळता येत नाही ना? म्हणून तर तो फोटो मला इतका आवडला. आता कंबरपट्ट्याला धरून फरफटत नेतो स्टेशनपर्यंत.

कोझुए : श्वास कोंडतोय…

तात्सुरो : घरी जाऊन घे श्वास. आधी कुठला दात पाडू, ते वाटेत ठरव.

हिसानो : पोरी, दोन्ही हात वर कर! पट्ट्याची गाठ माझ्या हाताची आहे, एका हातानं सोडते!

तात्सुरो : ए, बाजूला हो— अरे! अरे—

हिसानो : सुटली! इकडं ये, माझ्या मागं! पट्टा उलगडला आणि तो आपल्याच हिसक्यानं गेला मागं. काचांवर आपटलाय.

तात्सुरो : मांडी… मांडीत काच घुसली. ही बघ… आऽऽ!

हिसानो : उपसलीस कशाला, मूर्खा! बूच होतं ते!

तात्सुरो : कोझुए, रक्त बघ. थांबत नाहीये. बांध काहीतरी!

हिसानो : जवळ जाऊ नको.

तात्सुरो : आजी, मग तुम्ही तरी…

हिसानो : मनगट मोडलंस माझं. आता कुठल्या हातानं गाठ मारू?

कोझुए : रुग्णवाहिकेला किती वेळ लागेल?

हिसानो : या पावसात दहा मिनिटं धर.

कोझुए : तोवर टिकेल तो?

हिसानो : ही धार बघता, नाही. पोरी, बांध असं मी म्हणणार नाही. बांधू नको असंही नाही. तुझं तू ठरव.

तात्सुरो : कोझुए! मी बदललोय गं. विचार तुझ्या आईला!

कोझुए : तोंड बंद. कुशीवर वळ. हात पाठीमागे घे.

तात्सुरो : काय?

कोझुए : आधी हात बांधणार, मग मांडी. वाद घालशील तेवढं रक्त जाईल.

तात्सुरो : घेतले, घेतले मागे! लवकर!

हिसानो : पट्ट्याखाली किमोनो आवळायला बांधलेल्या तुझ्या कमरेच्या दोऱ्या सोड. सुती आहेत, सरकत नाहीत.

तात्सुरो : अंगठा! अंगठ्यावरून नको…

कोझुए : दुखतं ना? माझी बरगडी मोडलीस तेव्हा तू टीव्हीचा आवाज वाढवला होतास.

हिसानो : आता मांडी. जखमेच्या वर. आवळ. अजून. गुडघा रोवून ओढ. हां… बसलं. धार थांबली.

तात्सुरो : मला ठाऊक होतं. तुझा जीव आहे माझ्यावर. घरी चल, कोझुए.

कोझुए : कोर्टात तुझ्या तोंडावर सगळं सांगायचंय मला. त्यासाठी जिवंत हवास. एवढंच.

हिसानो : भोंगा ऐकलास? चढ चढतेय गाडी. ये, बस इथं. दोऱ्या काढल्यास तसा किमोनो गळून पडला, अंगावर नुसतं आतलं वस्त्र राहिलंय, गारठशील. ही शाल घे. हात दे.

कोझुए : हिसानोसान, तुमचा हात केवढा थरथरतोय.

हिसानो : माझा नाही गं तो. तुझा आहे. मी नुसता धरलाय.